दुहेरी शिलाई

चेन्नई, ४ जून १९९८

काकू,

तुला आणि वेदिकाला चेन्नईहून नमस्कार. पाकिटावरचा शिक्का बघून ‘हा अजून तिकडंच का’ असं म्हणाली असशील. तर हो, इकडंच, आणि आता डिसेंबरपर्यंत इकडंच.

बातमी अशी की कंपनीच्या रेसिंग टीममध्ये माझी निवड झाली. रायडर दोघंच, पुण्याचा मयूर आणि मी. मोटरसायकल कंपनीची, मेकॅनिक कंपनीचा, हेल्मेट कंपनीचं. पडायचं तेवढं आपलं. मोसमात चार फेऱ्या आहेत. चारही मिळून ज्याचे गुण जास्त तो चॅम्पियन, आणि त्याला कंपनी पुढच्या दोन वर्षांचा करार देते. म्हणजे नोकरीच रेस करायची. आपल्या नाशकातनं असं कोणी झालेलं मला तरी ठाऊक नाही. मला व्हायचंय. शर्यती श्रीपेरुंबुदूरजवळच्या ट्रॅकवर होतात, रस्त्यावर नाही, त्यामुळे एसटीखाली येईन ही तुझी भीती काढून टाक.

आता कामाचं. यंदा नियम कडक केलेत. मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध चामड्याचा सूट लागतो. कातडं सव्वा मिलिमीटरच्या खाली नको. खांदे, कोपर, गुडघे, कंबर इथं दुप्पट जाडी आणि आत पॅड. अस्तर सुतीच. नायलॉन घासून तापलं की वितळून अंगाला चिकटतं. आणि प्रत्येक जोडावर दुहेरी शिलाई. शर्यतीच्या आधी तपासनीस हे सगळं हातानं चाचपून बघतात आणि मगच ट्रॅकवर सोडतात. कंपनीनं दिलेला सूट मागच्या वर्षीच्या रायडरच्या अंगाचा आहे. माझे दंड त्यात जात नाहीत.

नाथाकाका असते तर त्यांना सांगितलं असतं. पण ते गेल्यापासून लग्नाच्या घोड्यांची जीनं तूच शिवतेस, आणि देवळालीच्या तोफखान्यातले जुने लोक म्हणतात की तुझा टाका काकांपेक्षा बारीक आहे. माझ्यासाठी सूट शिवशील का? मापं सोबतच्या कागदावर आहेत. पहिली फेरी एक आणि दोन ऑगस्टला आहे.

तुझा,
शेखर


देवळाली गाव, १२ जून १९९८

शेखर,

आशीर्वाद. तुझी निवड झाली म्हणून वेदिकानं पेढे आणले. दोन खाल्ले, मग तुझी मापं वाचली आणि तोंड कडू झालं. गाढवा, ही मापं तू सरळ उभं राहून दिलीस ना? तुझी काय शेरवानी शिवायचीय? जिनाचं माप घोडा उभा असताना घेतात, कारण घोडा पायांवर उभा राहूनच पळतो. तू मोटरसायकलवर उभा राहून पळणार आहेस का?

आता नीट ऐक. मोटरसायकलवर बस. शर्यतीत बसतोस तसा छाती टाकीला टेकवून, कोपरं आत घेऊन, मान वर करून बस. मग दुसऱ्या कोणाला तरी मापं घ्यायला सांग. मानेच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंतचं माप वेगळं लिही. वाकल्यावर पाठ चांगली चार बोटं लांब होते. उभ्या मापाचा सूट घालून वाकलास तर एकतर तुझा श्वास अडकेल नाहीतर मागची शिवण फाटेल, आणि लोक म्हणतील यशोदाबाईनं शिवला होता.

आणखी एक. तुम्ही पडता कसे? कुठल्या अंगावर, आधी काय टेकतं, आणि किती लांब घसरत जाता? लाजू नकोस, सगळं लिही. बसायला सूट कोणीही शिवेल. मला तो तुझ्या पडण्यासाठी शिवायचाय.

कातडं मी धारावीहून मागवलंय, दीड मिलिमीटरचं. तुझ्या नियमापेक्षा पाव मिलिमीटर माझा.

काकू


चेन्नई, २१ जून १९९८

काकू,

बसून घेतलेली मापं पाठवतोय. टेप मयूरनं धरला होता आणि सगळा वेळ हसत होता. मग त्यानं स्वतःचा सूट घालून वाकून बघितलं आणि हसायचा थांबला. त्यालाही काखेत काचतो.

पडण्याचं विचारलंस. वळणावर पुढचं चाक सुटलं तर माणूस आतल्या बाजूला बसतो, आधी गुडघा मग कंबर, आणि घसरत जातो. ते सोपं असतं. मागचं चाक सुटून अचानक पुन्हा पकडलं तर मोटरसायकल माणसाला वर फेकते. तेव्हा कुठं टेकू ते आपल्या हातात नसतं. खांदा, पाठ, काहीही. पन्नास-साठ फूट घसरणं नेहमीचं आहे.

बाकी काळजी करू नकोस. इथं सगळ्याला नियम आहे. इंजिनचं तेल सोडायच्या बोल्टलासुद्धा तारेनं बांधावं लागतं, म्हणजे हादऱ्यानं सैल होऊन तेल ट्रॅकवर सांडायला नको. कुठं कोणी पडलं की पिवळा झेंडा हलतो आणि तिथं पुढच्याला मागं टाकायचं नाही, मग तो कासवाच्या चालीनं का जात असेना. टाकलंच तर शर्यतीतून बाद.

सुटाबद्दल पुन्हा सांगतो, शिलाई दुहेरी. ते सगळ्यात आधी तेच बघतात.

शेखर


चेन्नई, २ ऑगस्ट १९९८

काकू,

रागावू नकोस, पण सूट नापास झाला.

इथले मुख्य तपासनीस वरदराजनसाहेब. साठीचे आहेत, बोलतात कमी, खिशात भिंग. त्यांनी सूट उलटा केला, अस्तर बघितलं, पॅड दाबले, जाडी मोजली. जाडी मोजताना भुवई वर गेली, मी खूश झालो. मग जोडांवर बोट फिरवून म्हणाले, ‘दुसरी ओळ कुठाय?’ मी म्हटलं, शिलाई दुहेरीच आहे. ते म्हणाले, ‘मला एकच ओळ दिसते.’ मी बघितलं तर खरंच एकच ओळ. नियमात दुहेरी म्हणजे शेजारी शेजारी दोन ओळी, असं त्यांनी छापील कागदावर दाखवलं.

ऐन वेळी दुसऱ्या टीमच्या माणसाचा सूट मागून घातला आणि उतरलो. तो ढगळ होता, सरळ रस्त्यावर वारा भरून फुगायचा. चौथा आलो. मयूर दुसरा.

तू दुसरी ओळ घालायला विसरलीस का? एवढं दोनदा लिहिलं होतं मी.

शेखर


देवळाली गाव, ८ ऑगस्ट १९९८

शेखर,

विसरले म्हणे. एकवीस वर्षं मी तुझ्या काकांच्या शेजारी बसून शिवलंय आणि हा मला विचारतो विसरलीस का.

आमच्यात दुहेरी शिलाई म्हणजे दोन सुयांची. दोन दोरे, मेण लावलेले. एकाच भोकातून एक सुई इकडून जाते, दुसरी तिकडून येते. वरून ओळ एकच दिसते, पण प्रत्येक टाक्यात दोरे दोन. एक तुटला तरी दुसरा जागचा हलत नाही. तुमची मशीनची शिवण एका ठिकाणी तुटली की वीतभर उसवत जाते. तशा दोन काय, चार ओळी घातल्या तरी चार ओळी उसवतील. तू ‘दुहेरी’ लिहिलंस, मी दुहेरी शिवलं. शब्द एकच, पण तुझ्या साहेबांचा वेगळा आणि माझा वेगळा, हे तुला तिथं बसून कळायला हवं होतं.

सोबत कातड्याचा वीतभर जोडलेला तुकडा पाठवतेय. साहेबांना म्हणावं, मधला एक टाका कापा आणि पकडीनं ओढून बघा.

हे झालं माझं. आता सूट परत पाठव. मी दुसरी ओळ घालून देते.

वेदिका म्हणाली, आई, तुझं बरोबर आहे तर भांड ना. भांडून काय करू? ट्रॅकवर चाळीस जणांचे सूट असतील. त्यातला कुठला यशोदाबाईनं शिवलाय आणि कुठला कोणी रात्रीतून उरकलाय हे साहेबांनी कसं ओळखावं? त्यांना दिसतात त्या ओळी. मोजू देत ओळी. माझ्यासाठी नियम सैल केला तर उद्या त्या उरकणाऱ्यासाठीही करावा लागेल. आठ दिवसांचं काम आहे, करीन. शिव्या देत करीन, पण करीन.

काकू


चेन्नई, १५ सप्टेंबर १९९८

काकू,

दोन गोष्टी झाल्या. सूट पास झाला आणि मी जिंकलो.

तुझा तुकडा साहेबांना दिला. त्यांनी टाका कापला, एक टोक शिकंज्यात धरलं आणि पकडीनं ओढायला लागले. सुटेना. मग मेकॅनिकला बोलावलं, दोघांनी ओढला. कातडं ताणलं, शिवण जागची हलली नाही. साहेबांनी विचारलं, कोणी शिवलंय. मी म्हटलं, माझ्या काकूनं. त्यांनी तुझं नाव वहीत लिहून घेतलं, मला तीनदा स्पेलिंग विचारलं. मग तुझ्या दोन्ही ओळी सगळ्या जोडांवर मोजल्याच. एकही जोड सोडला नाही.

सूट अंगावर असा बसतो की आहे हे विसरायला होतं. पहिल्यांदा मला वाकून वळताना दुसरं काही सुचलं नाही, फक्त रस्ता. आता गुणांत मी पहिला, मयूर माझ्या मागं दोनच गुणांनी. करार माझाच समज.

वेदिकाला पहिला वर्ग मिळाल्याचं तिच्या पोस्टकार्डावरून कळलं. तिला माझं अभिनंदन सांग. आल्यावर घड्याळ घेऊन देईन.

शेखर


चेन्नई, २४ नोव्हेंबर १९९८

काकू,

तिसरी फेरी झाली. मी दुसरा आलो. अजून गुणांत पहिला आहे. रविवारी शर्यत संपल्यावर एका सरावात जरा घसरलो. काही नाही, गुडघ्यावर बसलो आणि उठलो. जेवण बरं आहे.

सूट थोडा घासलाय म्हणून पाठवतोय. शेवटची फेरी सव्वीस आणि सत्तावीस डिसेंबरला. त्याआधी पोचव. करार त्यावरच ठरणार. इथं अजून ऊन आहे, ऊन फार आहे, त्यानं डोकं दुखतं. जेवण बरं आहे.

वेदिकाचा निकाल लागला का? कळव.

शेखर


देवळाली गाव, ३ डिसेंबर १९९८

शेखर,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि सूट चारदा वाचला.

गुडघ्यावर बसलो म्हणतोस. गुडघ्याच्या पॅडवर ओरखडा नाही. कंबर कोरी आहे. डाव्या खांद्याच्या मागं मात्र बाहेरची ओळ वीतभर गेलीय, आतली धरून आहे. आणि कॉलर मागच्या बाजूनं चेपलीय. तिच्यात पांढरा रंग घासून बसलाय, नखानं खरवडला तरी निघत नाही. ट्रॅक पांढरा नसतो. तुझं हेल्मेट पांढरं आहे, तू पाठवलेल्या फोटोत दिसतं. तुला मोटरसायकलनं वर फेकलं, तू डोक्यावर आणि खांद्यावर पडलास, आणि हेल्मेटची मागची कड मानेवर दाबली गेली. तूच लिहिलं होतंस, असं पडलं की कुठं टेकू ते हातात नसतं.

आणि तुझं पत्र. जेवण बरं आहे हे दोनदा. ऊन दोनदा. वेदिकाचा निकाल विचारतोस, ज्याचं अभिनंदन सप्टेंबरात तूच केलंस, घड्याळ देईन म्हणालास. अक्षर ओळ सोडून खाली उतरलंय. लहानपणापासून तुझं अक्षर मी बघतेय, तुला ताप आला तरी ते असं होत नाही.

मला भीती वाटली शेखर. सरळ सांगते.

डॉक्टरांनी बघितलं का? हेल्मेट तेच वापरतोस का? याचं उत्तर लगेच दे, आणि खरं दे.

काकू


चेन्नई, ९ डिसेंबर १९९८

काकू,

तुझ्यापासून काही लपत नाही, ठीक आहे. खरं सांगतो, मग सूट पाठव.

नियम असा आहे की पडलं की हेल्मेट तपासनिसाला दाखवायचं. त्याला फटका बसलेला दिसला तर ते जागच्या जागी बाद. आणि डोक्याला मार असेल तर डॉक्टरांच्या सहीशिवाय ट्रॅकवर पाऊल ठेवता येत नाही. मी दाखवलं, पण मयूरचं. दोघांची एकसारखीच आहेत, त्यानं आपणहून दिलं. डॉक्टरांनी काय विचारलं, बोटं किती? मी म्हटलं तीन. तीनच होती. माझ्या हेल्मेटवर एक ओरखडा आहे, त्यावर कंपनीचं स्टिकर लावलंय, बस.

डोकं दुखतं, पण रोज नाही. आता सांगितलं तर डॉक्टर मला सहा-आठ आठवडे बसवतील. म्हणजे शेवटची फेरी गेली, चॅम्पियनपद गेलं, करार गेला. गुणांत मी पहिला आहे काकू. एक शर्यत, वीस मिनिटं. त्यानंतर हवं तर महिनाभर झोपून राहीन.

तू चांगलं शिवतेस, सगळे मानतात. पण शर्यत तू कधी बघितलेली नाहीस. तू शिवणाचं बघ, डोक्याचं मी बघतो.

शेखर


देवळाली गाव, १४ डिसेंबर १९९८

शेखर,

तुझा सूट आज कुरिअरनं गेला. तुझ्याकडं नाही, वरदराजनसाहेबांकडं. बरोबर पत्र आहे. मी सांगितलं, वेदिकानं इंग्रजीत लिहिलं, आणि शेजारच्या मास्तरांकडून मी ते परत मराठीत सांगून घेतलं, म्हणजे तिनं तुझ्या मायेपोटी काही गाळलं नाही ना ते कळावं. त्यात लिहिलंय की कॉलर बघा, रंग बघा, आणि मग या पोराचं स्वतःचं हेल्मेट मागा. दुसऱ्याचं कोणाचं होतं ते मी लिहिलेलं नाही. ते तू सांग किंवा नको सांगू.

चोरून करत नाही म्हणून त्याच दिवशी तुलाही लिहितेय.

सूट अडवून ठेवला असता तर तू पहिल्या फेरीसारखा दुसऱ्याचा मागून घातला असतास. म्हणून तो मार्ग सोडला.

मयूर गुणांत दुसरा आहे ना? मग त्यानं हेल्मेट आपणहून का दिलं त्याचाही एकदा विचार कर.

शर्यत मी बघितलेली नाही, खरं आहे. पण तोफखान्याच्या तबेल्यात तुझे काका जीन तपासायचे. पोटाखालचा पट्टा, तंग म्हणतात त्याला, तो त्यांनी नापास केला की घोडा बाहेर जायचा नाही. एकदा एक मोठे साहेब अडून बसले, म्हणाले आजच्या दिवस चालेल. काका म्हणाले, साहेब, पायी जा. साहेब पायी गेले. त्या दिवशी काहीही झालं नाही, ना घोड्याला ना साहेबांना. घरी येऊन काका म्हणाले की आता तो साहेब आयुष्यभर म्हणणार, तंग चांगला होता, नाथानं उगाच अडवलं. म्हणू देत, म्हणाले, आणि जेवायला बसले.

तूही म्हण. वीस वर्षं म्हण. पण ते म्हणायला तू हवास.

काकू


चेन्नई, २७ डिसेंबर १९९८

काकू,

साहेबांनी हेल्मेट ठेवून घेतलं. डॉक्टरांनी आठ आठवडे बंदी घातली, खोटं हेल्मेट दाखवल्याबद्दल दंडाचे गुण वेगळे. आज मयूर जिंकला. तोच चॅम्पियन, करार त्याचा. मी कुंपणाबाहेरून बघितलं.

जे ट्रॅकवर कोणाला जमलं नाही ते तू देवळालीत बसून केलंस. मला पाडलंस. यापुढं पत्र लिहू नकोस.

शेखर


देवळाली गाव, १४ जानेवारी १९९९

शेखर,

हे पत्र नाही. तिळगुळाच्या डब्यावर चिठ्ठी लागते म्हणून लिहिली. वेदिकानं केलाय, जरा कडक झालाय.

काकू


चेन्नई, ८ मे १९९९

काकू,

लिहू नकोस म्हणालो आणि तू लिहिलं नाहीस. तिळगूळ सगळा खाल्ला. चिठ्ठी ठेवलीय.

एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नाही, मुद्दाम. साहेबांनी माझं हेल्मेट माझ्यासमोर करवतीनं मधोमध कापलं. बाहेरून तो एक ओरखडा. आत थर्माकोलसारखं जाड अस्तर असतं, चांगल्या बाजूला ते दोन बोटं जाड होतं. मागच्या बाजूला दबून त्याचा पापड झालेला. साहेबांनी माझं बोट धरून तिथं टेकवलं आणि म्हणाले, हे एकदाच दबतं, पुढच्या वेळेला इथं दबायला काही उरलेलं नाही. तरी शर्यतीच्या संध्याकाळी मी तुला ते पत्र लिहिलं. कारण तुझं बरोबर निघालं याचाच जास्त राग आला होता.

पुढं दीड महिना डोकं दुखत राहिलं. पेपर वाचताना ओळी हलायच्या. कोणाला सांगितलं नाही. तुला सांगावंसं रोज वाटायचं आणि रोज दुसऱ्या दिवसावर ढकलायचो. फेब्रुवारीअखेर डॉक्टरांनी सही दिली. खरी सही, दोन तास तपासून. कंपनीनं करार दिला नाही, पण एकेका फेरीपुरतं ठेवलंय. नवीन हेल्मेट दिलंय.

आता हे लिहायचं कारण. यंदा मोसम लवकर सुरू झाला. गेल्या शनिवारी पहिल्या फेरीच्या सरावात मयूर पडला. उठला, हात हलवून सगळ्यांना दाखवला. पाच मिनिटांनी माझ्याकडं आला आणि म्हणाला, तुझं हेल्मेट दे, दाखवून आणतो. मागताना त्याची नजर जराही इकडंतिकडं झाली नाही. मला मदत केली होती, आता माझी पाळी, एवढंच त्याच्या मनात. काकू, तू त्याच्याबद्दल लिहिलं होतंस ते तसं नव्हतं. त्यानं तेव्हा मला खरंच मित्र म्हणून दिलं होतं.

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ठीक, दुसऱ्या कोणाचं घेतो. मग मी म्हटलं, मी साहेबांना सांगणार आहे. आणि त्याच्या देखत चालत गेलो. ती पन्नास पावलं मला शर्यतीपेक्षा जड गेली.

त्याला त्या फेरीपुरतं बसवलं. रविवारी मी जिंकलो. आमच्या तंबूत कोणी टाळी वाजवली नाही. सगळे म्हणतात, गुणांसाठी केलं. आणि सोमवारी डॉक्टरांनी मयूरला पुन्हा तपासलं तर तो ठणठणीत. त्याचं हेल्मेट कापलं, तर आत काहीच दबलेलं नव्हतं. काहीच नाही काकू. म्हणजे मी त्याची एक फेरी उगाच घालवली.

तो माझ्याशी बोलत नाही. आम्ही एका खोलीत राहतो. त्यानं त्याची गादी भिंतीकडं सरकवलीय. मला त्याचं खरंच वाईट वाटतंय आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा सांगेन हेही मला ठाऊक आहे. या दोन्हीचं काय करायचं ते कळत नाही. तुला कळलं असेल. मी तुझ्याशी असाच वागलो होतो. असं किती दिवस चालतं?

तुझा,
शेखर


देवळाली गाव, १४ मे १९९९

शेखर,

पत्र पोचलं. वेदिका क्लासला गेली होती, एकटीनंच वाचलं. बरं झालं.

मयूरबद्दल मी वाकडं लिहिलं होतं, ते मागं घेते. न भेटलेल्या पोराबद्दल असं लिहायला नको होतं. चुकलं माझं.

त्याच्या हेल्मेटात काही निघालं नाही, हे चांगलंच झालं की. तुला काय, निघायला हवं होतं? तू नाही म्हणालास तेव्हा आत काय आहे ते तुला ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं. न कापता कोणालाच कळत नाही, म्हणून तर नियम केलाय. उगाच काही झालेलं नाही. तो ठणठणीत आहे, त्याला रागावायची पूर्ण मुभा आहे, रागावू दे. तू त्याच्यामागं लागू नकोस, समजवायला जाऊ नकोस. चहा करशील तेव्हा दोन कप कर आणि एक त्याच्या बाजूला ठेव. प्यायला नाही तर ओतून टाक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेव.

किती दिवस चालतं म्हणतोस. सगळ्यांचं मला काय माहीत, मला एकाचंच माहीत आहे. आमच्या गल्लीत पोस्टमन दुपारी अडीचला येतो. चार महिने अकरा दिवस मी त्या वेळेला कातड्याला भोकं पाडायची आरी हातात धरली नाही. लक्ष दाराकडं असायचं, धरली की बोटात जायची.

काकू